शीतयुद्ध पेटलं कशाने आणि विझल्यावर उरलं काय

१९४५ च्या ऑगस्टमधली एक रात्र. जपान शरण येणार, हे वॉशिंग्टनला कळून चुकलं होतं आणि सोव्हिएत फौजा कोरियात शिरल्या होत्या. अख्खा कोरिया त्यांच्या घशात जाऊ नये म्हणून अमेरिकी लष्करातल्या डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं, की शेजारच्या खोलीत जाऊन हा देश कुठे विभागायचा ते ठरवा. मुदत अर्ध्या तासाची. दोघांपैकी कोरियाचा जाणकार कुणीच नव्हता. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा होता. राजधानी सोल आपल्याकडे राहिली पाहिजे एवढं बघून त्यांनी ३८ अंश अक्षांशाची रेघ पक्की केली. मॉस्कोने ती निमूट मान्य केली, याचं पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या रस्क यांनाच नवल वाटलं होतं.

कोरियन माणसाला कुणी विचारलंच नाही. पाच वर्षांत त्या रेघेवरून युद्ध पेटलं, लाखो माणसं मेली, आणि १९५३ च्या जुलैमध्ये लढाई जवळपास त्याच रेघेपाशी येऊन थांबली. तेव्हा झाला तो फक्त युद्धविराम. शांतता करार आजतागायत झालेला नाही.

शाळेच्या पुस्तकात शीतयुद्धाची व्याख्या दोन ओळींत आटपते: एका बाजूला अमेरिका आणि भांडवलशाही, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत संघ आणि साम्यवाद, आणि दोघांत प्रत्यक्ष युद्ध नाही, नुसता तणाव. यात चुकीचं काही नाही, पण यातून खरं कारण कळत नाही. दोन्ही विचारसरणी १९१७ च्या रशियन क्रांतीपासून समोरासमोर होत्याच. तरी १९४१ ते १९४५ या काळात हेच दोन देश हिटलरविरुद्ध एकत्र लढले. अमेरिकेने आपल्या कारखान्यांतले ट्रक, बूट आणि डबाबंद मांस जहाजं भरभरून रशियाला पाठवलं. मग लढाई संपल्यावर दोन-तीन वर्षांत असं काय झालं?

पहिली गोष्ट अशी, की मैदान रिकामं झालं. जर्मनी आणि जपान जमीनदोस्त झाले होते. फ्रान्स खिळखिळा झाला होता. ब्रिटन जिंकूनही कफल्लक झाला होता. १९४७ च्या फेब्रुवारीत लंडनने वॉशिंग्टनला कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार यापुढे आम्हाला झेपणार नाही. त्याच महिन्यात ब्रिटनने भारतातून निघण्याचीही घोषणा केली. युरोपातल्या चार-पाच सत्ता एकमेकींना धरून होत्या, तो सगळा डोलारा कोसळला आणि उभे राहिले दोघंच. जगात कुठेही काहीही हललं, तरी त्याचा फायदा आपल्याला की त्याला, एवढाच प्रश्न दोघांना पडू लागला.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि माझ्या मते खरं इंजिन हेच.

सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावली. अमेरिकेची मृत्यूसंख्या साधारण चार लाखांच्या घरात होती. पोलंडच्या सपाट मैदानातून नेपोलियन आला, १९१४ मध्ये जर्मन आले, १९४१ मध्ये पुन्हा जर्मन आले. १९१८ च्या यादवीत तर ब्रिटन, फ्रान्स, जपान आणि अमेरिका या सगळ्यांच्या फौजा रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या. आता मध्ये आपल्या मुठीतल्या देशांची भिंत हवी, हा स्टालिनचा हिशेब त्यातून आला. त्याने १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचं वचन दिलं आणि नंतर ते सरळ धाब्यावर बसवलं.

अमेरिकेची भीती वेगळी होती. १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरपुढे नमतं घेतल्याने युद्ध टळलं नाही, उलट ओढवलं, हा धडा त्या पिढीच्या हाडीमाशी भिनला होता. आणखी एक हुकूमशहा देशामागून देश गिळतो आहे आणि आपण बघत बसलो आहोत, असं चित्र त्यांना दिसत होतं. त्यात युरोप उपाशी, बेकार आणि चिडलेला. इटली-फ्रान्समध्ये कम्युनिस्ट पक्ष जोरात. युरोपची बाजारपेठ हातची गेली, तर १९३० च्या मंदीसारखी मंदी पुन्हा येईल, ही धास्तीही होतीच.

शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊबंद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. एकाने चोराच्या भीतीने कुंपण घातलं, की दुसऱ्याला ते आपली वाट अडवायला घातल्यासारखं वाटतं. मग तो कुत्रा पाळतो. कुत्रा बघून पहिला बंदुकीचा परवाना काढतो. दोघंही शपथेवर सांगतात, की मी फक्त माझं रान राखतोय, आणि दोघंही बहुतांशी खरंच बोलत असतात.

याचा लेखी पुरावाच आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या अमेरिकी वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी एक लांबलचक तार पाठवली. रशियन राज्यकर्त्यांच्या मनात जुनी असुरक्षितता आहे, जिथे पोकळी मिळेल तिथे ते सरकत राहणार, त्यांना ठामपणे अडवून धरा, असा तिचा आशय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव यांनी मॉस्कोला तसाच अहवाल धाडला: अमेरिकेला जगावर वर्चस्व हवं आहे, ती जगभर लष्करी तळ उभारते आहे आणि तिचा रोख आपल्यावर आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर नावं बदलून एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. पुढच्या वर्षी मार्शल योजना आली. पश्चिम युरोपला पुन्हा उभं करायला सुमारे १३ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या लेखी ती मदत, मॉस्कोच्या लेखी युरोप विकत घेण्याची चाल. तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या चेकोस्लोव्हाकियाला स्टालिनने दटावून माघारी वळवलं आणि १९४८ च्या फेब्रुवारीत प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली.

म्हणून ‘दोघेही सारखेच’ म्हणून हात झटकावेत का? मला ते पटत नाही. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे घातले ते सोव्हिएतांनी. १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली ती आपलीच माणसं पळून जाऊ नयेत म्हणून. पश्चिम युरोपच्या मतदाराला अमेरिकेला शिव्या घालत सरकार बदलता येत होतं, पोलंडच्या माणसाला ते शक्य नव्हतं. पण युरोपबाहेर पडलं, की हा फरक पुसट होत जातो. इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, तर १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी हेरखात्यांनी मिळून त्यांना खाली खेचलं. ग्वाटेमालात १९५४ साली तेच झालं. भारत आणि आफ्रिकेतल्या लोकांना वॉशिंग्टनची स्वातंत्र्याची भाषणं पोकळ का वाटायची, त्याचं उत्तर इथे आहे.

भीतीला घरचं राजकारणही खतपाणी घालत होतं. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेत हाहाकार उडाला. रशिया क्षेपणास्त्रांत आपल्या खूप पुढे गेला, असा गाजावाजा करत केनेडी यांनी १९६० ची निवडणूक लढवली. प्रत्यक्षात अमेरिकेपर्यंत पोहोचणारी सोव्हिएत क्षेपणास्त्रं तेव्हा अगदी बोटांवर मोजण्याइतकी होती. सोव्हिएत नेते क्रुश्चेव थापा मारत होते आणि अमेरिकी राजकारण्यांना त्या थापा सोयीच्या होत्या. टेहळणी उपग्रहांच्या फोटोंतून खरी गोष्ट उघड झाली, तोवर शेकडो नव्या क्षेपणास्त्रांचं काम मार्गी लागलं होतं. शस्त्रांच्या कारखान्यांचं आणि लष्कराचं साटंलोटं लोकशाहीला घातक आहे, असा इशारा १९६१ च्या जानेवारीत मावळते अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात दिला. ते स्वतः पाच तारे लावलेले सेनापती होते, म्हणून त्याला वजन होतं. पण फार काही फरक पडला नाही.

क्युबा: तेरा दिवस आणि एक लपवलेला सौदा

या सगळ्याचा कळस १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. अमेरिकेने इटली आणि तुर्कस्तानात अण्वस्त्रवाहू ज्युपिटर क्षेपणास्त्रं ठेवली होती. तुर्कस्तान म्हणजे सोव्हिएत संघाचा शेजारच. दुसरीकडे, १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर क्युबाचे साम्यवादी नेते कॅस्ट्रो यांना उलथवण्याचा एक प्रयत्न फसला होता. क्रुश्चेवनी ठरवलं, की क्युबात आपली क्षेपणास्त्रं गुपचूप नेऊन ठेवायची. कॅस्ट्रोही वाचतील आणि अमेरिकेलाही कळेल, की उंबऱ्यावर बॉम्ब ठेवला की कसं वाटतं. १४ ऑक्टोबरला अमेरिकी टेहळणी विमानाने त्यांचे फोटो टिपले. २२ तारखेला केनेडींनी ते टीव्हीवरून जगाला सांगितलं आणि क्युबाभोवती नौदलाचा वेढा घातला.

सगळ्यात वाईट दिवस शनिवार, २७ ऑक्टोबर. क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. त्याच दिवशी समुद्राखाली ‘बी-५९’ नावाची सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी नौकांच्या घेऱ्यात सापडली. पाणबुडीला वर यायला भाग पाडण्यासाठी नौका वरून सरावाचे हलके स्फोटगोळे टाकत होत्या. आत असह्य उकाडा, हवा कोंदलेली, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर महायुद्ध सुरू झालंय की नाही, हेही कळायला मार्ग नाही. आणि पाणबुडीत एक अण्वस्त्राचा टॉर्पेडो होता, ज्याची वरच्या अमेरिकनांना कल्पनाही नव्हती. कप्तान सावित्स्की यांचा तोल सुटला आणि त्यांनी तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं, असं त्या पाणबुडीवरच्या अधिकाऱ्याने पुढे सांगितलं आहे. त्यांना शांत केलं वासिली आर्खिपोव यांनी. ते त्या पाणबुड्यांच्या ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ होते आणि योगायोगाने याच पाणबुडीवर होते. पाणबुडी वर आली आणि घरी परतली. जगाला हे कळायला चाळीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी क्रुश्चेवनी क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. जगाने वाचलं ते एवढंच: केनेडी ठाम राहिले, क्रुश्चेवनी शेपूट घातली. पण शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना भेटले होते आणि तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं आम्हीही हलवू, फक्त वाच्यता नको, असं ठरलं होतं. १९६३ च्या वसंतात ती निघालीही. म्हणजे हा मामला देवाणघेवाणीने मिटला होता. ही देवाणघेवाण पुढची बरीच वर्षं झाकून ठेवली गेली, आणि एका पिढीने धडा घेतला तो नेमका उलटा: ताठ उभं राहिलं, की समोरचा वाकतो. व्हिएतनाममध्ये रुतत गेलेल्या माणसांपैकी अनेक जण क्युबाच्या वेळी त्याच खोलीत बसलेले होते.

याच तेरा दिवसांत, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्यावर हल्ला केला होता. दोन्ही महासत्तांचं लक्ष कॅरिबियन समुद्रावर खिळलेलं असताना नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये आपले जवान अपुऱ्या कपड्यांत लढत होते.

गोवा या पटावर कसा आला

शीतयुद्धात तिसऱ्याचं काय व्हायचं, हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराने बनलेल्या लष्करी आघाडीचा, संस्थापक सदस्य. त्याच्या ताब्यातली अझोर्स बेटं अटलांटिकच्या मध्यावर, आणि तिथला लाजेसचा विमानतळ अमेरिकी लष्कराला हवा होता. त्यामुळे पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांना दुखवायची अमेरिकेची तयारी नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, डिसेंबरमध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबत काढलेल्या निवेदनात या मुलखाला ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हटलं. नेमके तेव्हा क्रुश्चेव आणि बुल्गानिन भारताच्या दौऱ्यावर होते. अशी संधी ते कशाला सोडतील? गोव्यावर पोर्तुगालचा काडीचा हक्क नाही, असं त्यांनी बिनदिक्कत सांगून टाकलं.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने सात मतं, विरोधात चार. ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने. १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा सालाझारांचा हुकूम त्यांनी शहाणपणाने बाजूला ठेवला. गोवा मुक्त झाला तो गोव्याच्या आणि बाहेरून गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकांमुळे आणि भारतीय सैन्यामुळे, यात वाद नाही. पण न्यूयॉर्कमध्ये बसून तो ‘आक्रमण’ ठरणार की ‘मुक्ती’, हे ठरत होतं ते नाटो आणि मॉस्को यांच्या गणितावर. मॉस्कोला गोमंतकीयांचा पुळका होता, असंही समजू नये. हंगेरीत त्याच मॉस्कोने काय केलं होतं, ते वर आलंच आहे.

महासत्तांच्या मदतीची किंमत असायचीच. १९५४ पासून अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं देत होती ती रशियाला अडवायला. ती वापरली गेली १९६५ मध्ये आपल्याविरुद्ध. १९६५ ते १९६७ या दुष्काळाच्या वर्षांत आपण अमेरिकी गव्हावर तगून होतो, आणि अध्यक्ष जॉन्सन ते गव्हाचे हप्ते महिन्या-महिन्याने, हात आखडून सोडत होते. शेतीधोरण बदला हा एक आग्रह होता, व्हिएतनामवरच्या भारताच्या टीकेचा राग हे दुसरं कारण. हरित क्रांतीची घाई झाली त्यामागे हा अपमानही आहे. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना पाकिस्तानमार्गे चीनशी संधान बांधायचं होतं, म्हणून ढाक्यातल्या कत्तलीकडे त्यांनी डोळेझाक केली. आपण ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. डिसेंबरमध्ये अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली.

भांडण संपलं, पण

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, १९९१ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला. गाळात गेलेली अर्थव्यवस्था, अफगाणिस्तानात गमावलेली दहा वर्षं आणि बंदुकीच्या जोरावर साम्राज्य टिकवायला नकार देणारे सोव्हिएत नेते गोर्बाचेव, अशी तिन्ही कारणं एकत्र आली.

परिणामांची यादी लांब आहे. मला सगळ्यात छळतो तो लाओस. हा देश कुणाचाच शत्रू नव्हता. उत्तर व्हिएतनामची रसदीची वाट त्याच्या जंगलातून जायची, म्हणून १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्याच्यावर सुमारे २० लाख टन बॉम्ब टाकले, आणि तेही स्वतःच्या जनतेपासून लपवून. त्यातल्या गुच्छबॉम्बमधून चेंडूएवढे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब विखुरले आणि त्यांतले कोट्यवधी फुटलेच नाहीत. ते अजून भातखाचरांत, बांबूच्या बेटांत पडून आहेत. चेंडू समजून उचलणारी मुलं युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्यांची मुलं आहेत. नांगर घालायचा तर आधी जमीन तपासून घ्यावी लागते, म्हणून कित्येक एकर सुपीक जमीन पडीक राहते.

अफगाणिस्तानची कथा ठाऊक असलेली आहे: सोव्हिएत फौज हरवण्यासाठी अमेरिकेने पाकिस्तानमार्फत शस्त्रं ओतली, फौज गेली, शस्त्रं आणि टोळ्या उरल्या. त्याची झळ काश्मीरला लागली. अण्वस्त्रं १९८६ च्या सुमाराला जगात सत्तर हजारांच्या घरात होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. त्यातली बहुतेक अजूनही त्याच दोघांकडे. युक्रेनने १९९४ मध्ये सीमांच्या हमीवर आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडून दिली. हमी देणाऱ्यांत रशियाही होता. नाटो पूर्वेकडे सरकली, त्याने मॉस्कोची जुनी भीती जागी झाली हे खरं, पण त्यावरून २०२२ चा हल्ला क्षम्य ठरत नाही. आणि यापुढे कुठला देश नुसत्या कागदी हमीवर बॉम्ब सोडेल?

सगळंच वाईट झालं असंही नाही. स्पुटनिकच्या धक्क्यातून अमेरिकेने १९५८ मध्ये जी संशोधनसंस्था काढली, तिच्या पैशातून इंटरनेटचं बीज रुजलं. जीपीएस मुळात लष्करासाठी होतं. देवीचा रोग जगातून हद्दपार करायचा प्रस्ताव १९५८ मध्ये मांडला सोव्हिएत डॉक्टर व्हिक्टर झ्दानोव यांनी. पुढे त्या मोहिमेचं नेतृत्व केलं अमेरिकेच्या डी. ए. हेंडरसन यांनी, आणि लशीचा मोठा साठा आला सोव्हिएत संघाकडून. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

महाराष्ट्रातही या चढाओढीच्या खुणा आहेत. पवईचं आयआयटी १९५८ मध्ये उभं राहिलं ते युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. अमेरिकेने कानपूरचं घेतलं. पवईला सोव्हिएत यंत्रांवर शिकलेली किती तरी मुलं पुढे थेट अमेरिकेला गेली, ही गंमत मॉस्कोच्या हिशेबात नसावी. तारापूरची अणुभट्टी अमेरिकी. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाल्यावर अमेरिकेने तिचं इंधन अडवायला सुरुवात केली, तेव्हा १९८२ मध्ये ते फ्रान्सकडून आणायची वेळ आली. आणि नाशिकजवळ ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये निघाला तोच मिग-२१ बनवायला. अमेरिका पाकिस्तानला एफ-१०४ विमानं देत होती, आपल्याला देईना. सोव्हिएत संघाने विमान तर दिलंच, वर ते इथे बनवायचा परवानाही दिला. हवाई दलातलं शेवटचं मिग-२१ २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झालं. ओझरला आज रशियन परवान्याची सुखोई-३० बनतात आणि आता स्वदेशी तेजसचीही जुळणी सुरू झाली आहे. तेजसचं इंजिन मात्र अमेरिकेहून येतं, आणि ते वेळेवर येत नाही म्हणून विमानं हवाई दलाकडे पोहोचायला उशीर झाला आहे.